सीलबंद कॅनमधलं मीठ

१

संगीत शाळेनं गुरुवारी कॅनभर टोमॅटोचं सूप मोरीत ओतलं आणि रिकामा कॅन निरोपासह परत पाठवला. निरोप शाळेच्या मोठ्या बाईंचा होता, आणि कॅन पोचवणाऱ्या बाईनं, जिला सगळे शिट्टी म्हणत, तो एक अक्षरही न गाळता सांगितला. "सूप पाठवताय की समुद्र, ते एकदा ठरवा. शनिवारपर्यंत बंदोबस्त झाला नाही, तर सोमवारपासून आमच्या दारात येऊ नका."

एवढं सांगून शिट्टी कॅन विसळायला गेली. सूपघराच्या मालकिणीनं, म्हणजे छोटीनं, त्याच क्षणी आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

छोटी नावालाच छोटी होती. पन्नाशी उलटली होती, केस पिकले होते आणि आवाज असा, की फोन न लावताही पलीकडच्या गल्लीत पोचावा. पण घरात ज्यांना ती छोटी होती त्यांच्यात ताई पहिली, आणि ताईपुढे तिचा आवाज जरा खाली यायचा.

"ताई, माझ्या सुपात कुणीतरी मीठ कालवतंय. कोण ते मला माहीत आहे. फक्त तू येऊन सिद्ध करून दे."

ताईनं उभा जन्म विमा कंपनीत तपासनीस म्हणून काढला होता. सोयीच्या वेळी पेटलेली दुकानं आणि मालकाला नकोशा झालेल्या गाड्यांच्या चोऱ्या, अशा भानगडींच्या मुळाशी जाणं हे तिचं काम. निवृत्त झाल्यापासून तपासायला घरात एक मांजर उरलं होतं, आणि तेही फारसं काही लपवत नव्हतं. म्हणून बहिणीवर संकट आलंय हे ऐकून तिला जो आनंद झाला, त्याची तिला थोडी लाज वाटली. पण थोडीच. चष्मा पुसून, चपला घालून ती निघालीसुद्धा.

"आधी हे सांग," सूपघरात पाऊल टाकताच ती म्हणाली, "गुन्हेगार जर तुला माहीत आहे, तर मला कशाला बोलावलंस?"

"कारण ती कबूल होत नाही," छोटी म्हणाली आणि मागच्या मोरीकडे बोट दाखवलं. तिथं शिट्टी पाठमोरी उभी राहून कॅन घासत होती.

२

सूपघर म्हणजे पुढं एक खोली आणि मागं स्वयंपाकघर. बसून प्यायची सोय नव्हती. रोज एकच मोठं पातेलं चढायचं, ते दोन कॅनमध्ये भरलं जायचं आणि दोन ठिकाणी पोचायचं. एक कॅन चढावरच्या संगीत शाळेत, तो शिट्टी न्यायची. दुसरा कोपऱ्यावरच्या इमारतीत पुलांचे आराखडे करणाऱ्या इंजिनिअरांकडे, तो लांबू न्यायचा. पातेल्यात काही उरायचं नाही, आणि छोटीला त्याचा अभिमान होता.

"महिना झाला," छोटी सांगू लागली. "शाळेतून तक्रार येते, खारट. इंजिनिअरांकडून अवाक्षर नाही, उलट कौतुक. पातेलं एकच, ताई. कॅन भरण्याआधी मी स्वतः चव घेते. सूप चांगलंच असतं. मग शाळेच्या वाटेवरच त्यात मीठ कसं पडतं?"

"तू चव कधी घेतेस?"

"रोज घेते. ऑर्डरचे फोन चालू असतात तरीसुद्धा. मी कामचुकार नाही."

"तसं कुणी म्हटलं नाही. पुढं सांग."

"पुढं काय? गेल्या आठवड्यात शिट्टी तापानं पडली. तिचाही कॅन लांबूनंच पोचवला. त्या दिवशी शाळेतून शाबासकी आली. ही परत कामावर आली आणि सूप पुन्हा खारट. आता याहून काय पुरावा हवा?"

ताईनं मान हलवली. विमा कंपनीत असती तर एवढ्या पुराव्यावर तिनं दावा नामंजूर केला असता. तरी मनात कुठंतरी पाल चुकचुकली, कारण शिट्टीला हे करून मिळणार काय, याचं उत्तर यात नव्हतं.

ती आधी लांबूकडे गेली. तो नावाप्रमाणे उंच होता आणि दारातून आत येताना सवयीनं मान वाकवायचा.

"मला शाळेचा रस्ता हवाय, हे खरं आहे," तो आपणहून म्हणाला. "तिथं सतार शिकवणाऱ्या एक बाई आहेत. पण म्हणून काय मी सुपात मीठ टाकीन? खारट सूप घेऊन गेलेल्या माणसाकडं कोण बघेल?"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. तो सूप पीतही नसे, दुपारी पाव आणि केळं खायचा.

छोटीचा नवरा चुलीशी उभा होता. सूप करायचं काम त्याचं, दुकान चालवायचं काम तिचं, आणि तीस वर्षं संसार याच वाटणीवर टिकला होता. टोमॅटो रोज वेगळा येतो, कधी आंबट तर कधी गोडसर, त्यामुळे शेवटचं मीठ तो नेहमी जिभेवरच जुळवायचा.

"मेहुणेबुवा," ताई म्हणाली, "खरं सांगा. हात जड झालाय का?"

"ताई, तुमच्याशी खोटं बोलून मी जाणार कुठं? मी चाखतो तेव्हा सूप अगदी जिथल्या तिथं असतं. आणि शिट्टीनं काही केलेलं नाही. हवं तर मी लिहून देतो."

"मग शाळेतली माणसं खोटं बोलतात?"

यावर मेहुण्यांनी पातेल्याकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, पण दोघी बहिणींकडं पाहिलं नाही. काहीतरी गिळलं होतं त्यांनी, आणि ते सूप नव्हतं.

शेवटी ताई शिट्टीजवळ गेली. शिट्टी चाळिशीची, बांध्यानं भक्कम, बोलायला मोकळी. लहानपणापासून शिट्टी वाजवायची सवय, त्यावरून नाव पडलेलं; सकाळी आल्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारातही शिट्ट्या मारायची. आज मात्र ती मान खाली घालून कॅन घासत होती.

"तू मीठ टाकलंस?"

"नाही."

"मग कुणी टाकलं असेल?"

"ते मला माहीत असतं तर मी अशी उभी असते का?" शिट्टी म्हणाली. मग हात पुसत हळूच बोलली, "ताई, नोकरी गेली तर दुसरी मिळते. पण अन्न नासवलं म्हणून काढलेल्या बाईच्या हातात पुन्हा कोण अन्न देईल? शनिवारी मालकीणबाई मला काढणार आहेत. मला ते माहीत आहे."

ताईला ती एकदम आवडली. तपासनीसानं कुणालाही आवडून घेऊ नये असा नियम तिनंच नव्या पोरांना शिकवला होता, आणि तो तिनं त्याच जागी मोडला.

३

शुक्रवारी सकाळी ताई स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसली. कुणाचा हात कुठं जातो, मिठाची बरणी कोण उचलतं, झाकण कोण लावतं, सगळं डोक्यात टिपून ठेवायचं होतं. डोळ्यात तेल घालून ती बघत राहिली.

शिट्टी आली. दारात उभी राहून तिनं थोड्या शिट्ट्या मारल्या, मध्ये थांबली, पुन्हा मारल्या. मेहुण्यांनी मान डोलावली, चमच्यानं सूप चाखलं, ओठातल्या ओठात काही पुटपुटले आणि मिठाची चिमूट टाकली. पुन्हा चाखलं. पुन्हा चिमूट. मग एकदम चेहरा उजळला, आणि त्यांनी पातेल्याच्या काठावर ओगराळं टकटक वाजवलं. शिट्टी मोरीकडं गेली. पातेल्याच्या जवळपाससुद्धा ती फिरकली नव्हती.

"चाखा, ताई," मेहुण्यांनी वाडगा पुढं केला.

ताईनं एक डोळा शिट्टीच्या हातांवर आणि एक लांबूच्या हातांवर ठेवून सूप चाखलं. सूप छान होतं.

छोटीनंही फोन खांद्यावर धरून एक घोट घेतला आणि अंगठा वर केला. कॅन भरले. ताईनं शाळेच्या कॅनच्या झाकणाभोवती दोरा गुंडाळला, गाठीवर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर आपली सही केली. आयुष्यभर गोदामांच्या दारांवर तिनं हेच केलं होतं.

मग ती शिट्टीबरोबर चालत निघाली. चढ असल्यामुळं शिट्टी सायकल ढकलत होती आणि ताई कॅनवर हात ठेवून शेजारून चालत होती. वाटेत कुणी भेटलं नाही, त्या कुठं थांबल्या नाहीत.

संगीत शाळेत जेवणाची सुट्टी झाली होती. मोठ्या बाई दारातच होत्या, ताठ कण्याच्या आणि बारीक आवाजाच्या. ताईनं खांद्यावरची पिशवी सावरत येण्याचं कारण सांगितलं.

"आमच्याकडं एक नियम आहे," त्या म्हणाल्या. "जेवताना जेवायचं. फोन नाही, धड्यांची चर्चा नाही, टेबलावर बोटं वाजवणं नाही. तुम्हालाही तो पाळावा लागेल. ती पिशवी आणि तो तपास बाहेर ठेवा."

ताईनं सही तपासली. अखंड होती. गाठ तपासली. तिचीच होती. मग तिनं झाकण उघडलं, वाडगा भरून घेतला आणि सगळ्यांबरोबर खिडकीशी बसली. बाहेर झाड होतं, आत शांतता होती, आणि करायला काहीही नव्हतं. तिनं चमचा तोंडात घातला.

सूप इतकं खारट होतं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

४

"आता पटलं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

ताईला काय पटावं तेच कळेना. तिनं स्वतः चाखलेलं चांगलं सूप, तिनं स्वतः बंद केलेल्या कॅनमध्ये, तिच्या हाताखाली खारट झालं होतं. शिट्टी बिचारी भिंतीला टेकून उभी होती. आता तिचा बचाव करायला जादूटोणाच काय तो उरला होता.

"शिट्टीवर तुमचा राग आहे का?" ताईनं विचारलं.

"राग? छे. भली बाई आहे. तिची शिट्टी मात्र आमच्या कानांना सोसत नाही. सकाळी तुमच्या दुकानापुढून आमचे शिक्षक येतात, त्यांना ऐकू येते. त्यात सूर नाही, ताल नाही. गाण्यासारखी वाजतच नाही ती, मोजल्यासारखी वाजते."

ताईनं हे ऐकलं आणि मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलं. मग कॅनमधलं सूप एका बाटलीत भरून घेतलं आणि उतारानं तडक इंजिनिअरांची इमारत गाठली. दोन्ही कॅनमधलं सूप एकमेकांशेजारी ठेवून बघायचं, एवढंच तिला सुचत होतं.

इंजिनिअरांना एका पुलाचा आराखडा संध्याकाळच्या आत द्यायचा होता. जो तो संगणकाच्या पडद्यात डोकं घालून बसला होता, एका हातानं आकडे टाकत होता आणि दुसऱ्या हातानं सूप पीत होता. ताईनं त्यांच्या कॅनमधून वाडगाभर घेतलं. पहिला चमचा तोंडाशी नेते तोच शेजारचा चष्मेवाला इंजिनिअर म्हणाला, "आजी, एक मदत करता? हा आकडा घोकत राहा. मी तोवर दुसरी फाईल उघडतो. विसरलात तर पूल पडेल."

त्यानं एक लांबलचक आकडा सांगितला. ताई मनात तो घोळवू लागली. घोळवता घोळवता चमचा तोंडात गेला. सूप छान होतं. दुसरा चमचाही छान होता. म्हणजे कॅन खरंच वेगळे होते, म्हणजे शिट्टी खरंच दोषी होती, असा विचार करायलाही डोक्यात जागा नव्हती, कारण आकडा सांडला असता.

"हं, सांगा," इंजिनिअर म्हणाला. ताईनं आकडा सांगून टाकला आणि सुटकेचा श्वास सोडून तिसरा चमचा घेतला.

तिसरा चमचा खारट होता.

ताई जागच्या जागी थिजली. वाडगा तोच, सूप तेच, चमचासुद्धा तोच. मध्ये बदललं होतं फक्त तिचं डोकं. ते मघाशी भरलेलं होतं आणि आता रिकामं झालं होतं.

तिनं चष्मेवाल्याच्या पडद्याचं बटण सरळ बंद केलं. तो आ वासून बघत राहिला.

"आता प्या," ताई म्हणाली.

त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "हे काय? मघाशी तर चांगलं होतं."

"मघाशीही असंच होतं," ताई म्हणाली, आणि इतकी हसली की सगळ्या इंजिनिअरांनी माना वर केल्या. माना वर करून त्यांनी एकेक घोट घेतला, आणि सगळ्या खोलीत पाण्यासाठी पळापळ सुरू झाली.

५

त्या संध्याकाळी ताईनं स्वतःच्या घरी मांजराला मांडीवर घेऊन सगळं नीट जुळवलं. असं काहीतरी तिनं पूर्वी कुठंतरी वाचलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. डोकं एखाद्या अवघड कामात गुंतलं की मेंदू चवीकडं पुरतं लक्ष देत नाही. जीभ तीच, मीठही तेवढंच, पण दार उघडायला घरात कुणी मोकळं नसतं.

मग सूप चांगलं आहे असं म्हणणारे कोण होते? पडद्यात बुडालेले इंजिनिअर. फोनवर बोलणारी छोटी. आणि चार माणसांचे हात एकाच वेळी डोक्यात टिपणारी ती स्वतः. खारट म्हणणारे कोण? जेवताना फक्त जेवणारे. मीठ वाटेवर पडतच नव्हतं. सूप स्वयंपाकघरातूनच खारट निघत होतं, दोन्ही कॅनमध्ये सारखंच.

म्हणजे मीठ टाकणारा हात मेहुण्यांचाच, आणि तोही अगदी प्रामाणिक हात. त्यांना चव लागत नव्हती म्हणून ते टाकत गेले. पण मग त्यांचं डोकं कशात गुंतलेलं होतं? तीस वर्षं जो माणूस झोपेतसुद्धा मीठ बरोबर टाकतो, त्याला चमचा तोंडात असताना एवढा कसला विचार पडावा? आणि शिट्टी आजारी होती त्याच दिवशी तो विचार सुट्टीवर कसा गेला?

मांडीवरचं मांजर उठून गेलं, आणि ताईला एकदम प्याद्याचं प्रकरण आठवलं.

ते असं, की मेहुण्यांना बुद्धिबळाचं भयंकर वेड. पूर्वी ते स्वयंपाकघराच्या ओट्यावरच पट मांडून शिट्टीशी खेळायचे. शिट्टी त्यांच्या तोडीस तोड होती, कधी कधी काकणभर सरसच. काही महिन्यांपूर्वी संगीत शाळेतल्या तबल्याच्या मास्तरांच्या वाडग्यात काळं प्यादं निघालं. मास्तरांचा दात थोडक्यात वाचला. छोटीनं पट आणि मोहरे माळ्यावर टाकले आणि नवऱ्याकडून सगळ्यांसमक्ष शपथ घेतली, की यापुढं मोहऱ्याला हात लावणार नाही.

मोहऱ्याला हात लावणार नाही, एवढीच होती ती शपथ.

ताईनं चादर डोक्यावर ओढली आणि सकाळ कधी होते याची वाट बघत, लहान मुलीसारखी हसत पडून राहिली.

६

शनिवारी सकाळी छोटीनं फोन बंद केला होता. शिट्टीला काढायचं तर ते काम नीट लक्ष देऊन करावं, असा तिचा विचार होता. लांबू दारात मान वाकवून उभा होता. शिट्टी आल्याबरोबर सवयीनं दारात थांबली, पण आज तिनं शिट्टी मारली नाही.

"का गं, आज नाही?" ताई म्हणाली. मग मेहुण्यांकडं वळून, अगदी हवापाण्याचं बोलावं तशी म्हणाली, "मेहुणेबुवा, तुमचा राजा फारच अडचणीत आलाय म्हणे."

"अजून नाही," मेहुणे सूप ढवळत म्हणाले. "वजीर मध्ये घातला की निभावेल."

बोलून झाल्यावर ते थबकले.

"कसला वजीर?" छोटीनं विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. शिट्टीच्या शिट्ट्या म्हणजे तिची खेळी. पटावरची उभी ओळ कितवी आणि आडवी कितवी, हे ती मोजून वाजवायची. मेहुणे सूप चाखत विचार करायचे आणि उत्तर ओगराळ्यानं पातेल्यावर टकटक करून द्यायचे. ना पट, ना मोहरे. अख्खा डाव दोघांच्या डोक्यात, महिनाभर. आणि डोकं असं डावात गुंतलं की जिभेला मीठ लागत नाही, हे ताईनं सांगितलं.

"शपथ मोडली नाही मी," मेहुणे कसनुसे म्हणाले. "हात लावला नाही."

"आणि तू?" छोटी शिट्टीकडं वळली. "तुझी नोकरी चालली होती, तरी बोलली नाहीस?"

"त्यांना शब्द दिला होता, बाई. आणि खेळाचा नि मिठाचा संबंध तेव्हा कुणाला माहीत होता? सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, दोघांनी मिळून माझ्या सुपाचा खेळ केला."

"तेच म्हणतेय मी," छोटीचा आवाज चढला. "डोक्यातल्या घोड्यानं सुपात मीठ पडतं होय? ताई, तू यांना पाठीशी घालतेस. मीठ हिनंच टाकलंय."

"बरं," ताई म्हणाली. "मग एक काम कर." तिनं पातेल्यातलं बिनमिठाचं सूप एका छोट्या भांड्यात काढलं आणि चमचा आणि मिठाची बरणी छोटीच्या हातात दिली. "याचं मीठ तू जुळव. तुझी जीभ तर पक्की आहे. फक्त जुळवता जुळवता आपल्या सगळ्या आते-मामे-मावस भावंडांची नावं सांग. धाकट्यापासून थोरल्यापर्यंत, एक सोडून एक."

"त्यात काय मोठंसं?" छोटी म्हणाली.

पहिली नावं झटकन आली. मग थोरल्या मावशीच्या जुळ्यांपाशी गाडी अडली, कारण त्यांतला आधीचा कोण यावरून घरात आजही वाद होता. छोटी कपाळाला आठ्या घालून बोटं मोजत होती, चाखत होती, "अळणी आहे" म्हणत चिमूट टाकत होती, पुढचं नाव शोधत होती. मामाच्या घरी पोचेपर्यंत तिनं आणखी चिमटी टाकल्या. आत्याच्या थोरल्यावर येऊन ती विजयानं थांबली आणि म्हणाली, "झालं. सगळे झाले, आणि सूपही जमलं."

"शाबास," ताई म्हणाली. "आता काही बोलू नकोस, काही आठवू नकोस. एक वाडगा भरून घे आणि शांतपणे पी."

छोटीनं घोट घेतला. तिचे डोळे विस्फारले, गाल आत गेले, आणि तिनं भांड्याकडं असं पाहिलं, की जणू ते कुणीतरी बदललं असावं. पण भांडं तिच्याच हातात होतं. बरणीही तिच्याच पुढ्यात होती. चार माणसांच्या डोळ्यांदेखत तिनंच ते सूप खारट केलं होतं.

"कुणी टाकलं मीठ?" ताईनं हळूच विचारलं.

लांबू उगाच दाराची कडी चाचपू लागला. छोटीनं वाडगा पुन्हा तोंडाला लावला.

"अगं, टाकून दे ते," मेहुणे म्हणाले.

"मी घातलंय, मीच पिणार," छोटी म्हणाली, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तांब्याभर पाणी प्यायल्यावर ती शिट्टीसमोर जाऊन उभी राहिली. "माझं चुकलं. तुझ्यावर आळ घेतला, तो खोटा होता. मनापासून माफ कर मला."

शिट्टी म्हणाली, "झालं ते झालं, बाई." पण तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला नाही, आणि ताईला त्याचं कारण समजत होतं. ही माफी चार भिंतींच्या आत होती. आळ तर पार चढावरच्या शाळेपर्यंत पोचला होता.

ते छोटीलाही समजलं असावं. तिनं नवऱ्याला सांगितलं, की मीठ जुळवेपर्यंत डोक्यातसुद्धा प्यादं हलवायचं नाही, त्यानंतर दुपारभर पट मांडा, मी स्वतः माळ्यावरून काढून देते. मेहुण्यांनी डोळे मिटून, मोकळ्या डोक्यानं सूप चाखलं, एकच चिमूट टाकली आणि थांबले. ताईनं चाखलं. टोमॅटोची आंबटगोड चव जिभेवर अशी पसरली, की तिला क्षणभर काही बोलावंसंच वाटलं नाही.

कॅन भरला. छोटीनं पदर खोचला, सायकल स्वतः धरली आणि चढ चढायला लागली. शिट्टी "मी ढकलते, मी ढकलते" करत मागं, ताई त्यांच्या मागं धापा टाकत. आयुष्यात कुठलाही निकाल तिनं असा पळत जाऊन ऐकला नव्हता.

संगीत शाळेच्या जेवणघरात सगळे येऊन बसले होते. मोठ्या बाईंनी नियमाची आठवण करून द्यायला तोंड उघडलं, पण छोटीचा आवाज त्याआधीच सुटला.

"महिनाभर सूप खारट आलं, ते माझ्या घरातून खारट आलं. नवऱ्यानं घातलं, मी चाखून पाठवलं, आणि आळ मात्र या बाईवर घेतला. हिनं एक कणही टाकलेला नाही. आज सगळ्यांसमोर सांगते."

मोठ्या बाईंनी वाडगा पुढं केला, एक चमचा घेतला, डोळे मिटून तो तोंडात घोळवला आणि वाडगा मोकळा करून पुन्हा पुढं धरला. त्यांच्या शाळेत याहून मोठं कौतुक कुणाचं झालेलं नव्हतं.

"मग सोमवारी सूप कोण आणणार?" त्यांनी विचारलं.

"हीच आणणार," छोटी म्हणाली. "आणि ही ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी तुम्ही उपाशी राहा."

संशयाच्या सगळ्या दिवसांत शिट्टीच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता. आता मात्र तिला रडू आवरेना, आणि रडता रडता हसूही आवरेना. तबल्याच्या मास्तरांनी उठून आपला वाडगा तिच्यापुढं केला. तिनं बाहीनं डोळे पुसले, ओगराळं उचललं आणि एकेकाचा वाडगा भरायला लागली.